शुक्रवारची खरखर

अताल्लाने मेन स्विच खाली ओढला आणि घर एकदम गप्प झालं. वॉशिंग मशीन भिजलेल्या चादरी पोटात घेऊन थांबलं, फ्रिजने एक उसासा टाकला, आणि स्वयंपाकघरातल्या विजेच्या भट्टीत अर्धवट फुगलेला पाव तसाच बसून राहिला. बाहेर जॉर्डनमधल्या सल्त गावच्या डोंगरावर ढग उतरले होते, त्यामुळे भर दुपारी घरात अंधारून आलं.

"झालं समाधान?" अंधारातून फिद्दाचा आवाज आला. "का आता माझाही स्विच शोधणार?"

"तुझा स्विच लग्न झाल्यापासून शोधतोय. तुझ्या आईने दाखवला नाही, मला सापडला नाही."

अताल्ला कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला. तिथे त्याचा मोठा रेडिओ होता. त्याला गाडीची बॅटरी जोडलेली असल्यामुळे तो चालूच होता. अताल्लाने कानाला हेडफोन लावला आणि त्याचा चेहरा पडला. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी खरखर जशीच्या तशी होती. थोडा वेळ चालायची, टक्कन थांबायची आणि श्वास घेऊन पुन्हा सुरू व्हायची.

"आपल्या घरातली नाही," तो म्हणाला.

"मग आपल्या घरातला पाव का बुडवलात?"

अताल्ला लष्कराच्या बिनतारी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. चार मुलींची लग्नं करून मोकळा झाला होता. खात्याने त्याला सोडलं तरी त्याने बिनतारी सोडली नाही. गच्चीवर लांब खांब, खांबावरून तारा, आणि खाली हे यंत्र. गल्लीत सगळे त्याला 'अबू लासिल्की' म्हणत, म्हणजे बिनतारीचा बाप. मुलगा नसलेल्या माणसाला कुणाचा तरी बाप म्हणायला हवं, म्हणून लोकांनी ही सोय केली होती.

या यंत्रावरून तो जगभरच्या अनोळखी लोकांशी बोलत असे, पण शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतरचा वेळ फक्त नुअमानचा. नुअमान ओमानच्या किनाऱ्यावर सूर गावात राहायचा, जहाजांवर तार पाठवण्याचं काम केलेला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. तीस वर्षं ते फक्त बोलत होते, हवापाण्याबद्दल, तारांबद्दल, मुलींच्या बाळंतपणांबद्दल आणि माशांच्या भावाबद्दल. टेलिफोनवर एकदाच बोलले होते. तेव्हा दोघेही नव्या नवरा-नवरीसारखे लाजले, "बरं आहे ना?" "बरं आहे" एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला, आणि पुढच्या शुक्रवारी रेडिओवर त्यावर तासभर हसले.

गेले तीन शुक्रवार या खरखरीने नुअमानचा आवाज खाऊन टाकला होता. मागच्या शुक्रवारी तर एक शब्द कळेना, तेव्हा नुअमानने बोलणं सोडून तारेची टिकटिक सुरू केली. टिकटिक खरखरीतूनही वाट काढते. तिच्यातून अताल्लाला कळलं की नुअमानच्या घशात गाठ आहे. येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी शस्त्रक्रिया, आणि डॉक्टर आवाजाची पेटीच काढून टाकणार आहेत. शेवटी नुअमानने टिकटिकवलं होतं : पुढचा शुक्रवार तोंडाने बोलायचा शेवटचा. तुझ्याकडचा तवा उतरव.

आणि आज गुरुवार होता.

अताल्लाने छोटा ट्रान्झिस्टर कानाला लावला आणि तो खरखरीच्या मागावर गल्लीत उतरला. जिथे आवाज वाढेल तिथे जायचं, कमी झाला की मागे फिरायचं. लोक सलाम करत होते आणि तो त्यांना बोटाने गप्प बसवत होता. बेकरीवाल्या मुफद्दीने विचारलं, "काका, कुठे लढाई लागली का?" त्याने त्यालाही गप्प केलं. वर-खाली पायऱ्या चढत-उतरत तो शेवटी एका कोठाराच्या पिवळ्या दगडी भिंतीपाशी आला. तिथे ट्रान्झिस्टर असा किंचाळला की अताल्लाने तो भिंतीला टेकवला आणि डोळे मिटून ऐकू लागला.

"माझ्या भिंतीला कान लावून काय ऐकतोयस?" वरून आवाज आला.

गच्चीवर अबू नायिफ उभा होता. दोघांच्या घरांमध्ये एकच कुंपणाची भिंत, पण दोन वर्षांत दोघे एकमेकांशी बोलले नव्हते.

"रेडिओ ऐकतोय," अताल्ला म्हणाला.

"का? तुझ्या घराला भिंती नाहीत?"

अताल्ला मान खाली घालून परतला. दोन वर्षांपूर्वी मोठा बर्फ पडला, त्या रात्री अताल्लाच्या गच्चीवरचा खांब मोडून अबू नायिफच्या अंगणातल्या डाळिंबावर पडला होता. ते डाळिंब अबू नायिफच्या वडिलांनी लावलेलं. झाड मधोमध चिरलं. सकाळी अताल्लाने कामगार पाठवून खांब उचलून नेला, पण स्वतः काही त्या दारात गेला नाही. त्यानंतर अबू नायिफने सलाम करणं सोडलं.

"त्यांच्या कोठारात काहीतरी आहे," घरी येऊन तो म्हणाला.

"अंडी उबवायचं यंत्र असेल," फिद्दा पावाचा दगड चिमट्याने बाहेर काढत म्हणाली. "त्यांच्या बायकोने, उम्म नायिफने, झर्काच्या बाजारातून आणलंय. टर्कीची अंडी ठेवलीत. आज-उद्या फुटतील."

"तुला कसं माहीत?"

"रोज भिंतीवरून बोलतो आम्ही. भांडण तुम्हा पुरुषांचं, आमचं कुठेय?"

"मग तीन आठवडे सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का? तुम्ही म्हणत होतात खरखर, खरखर. खरखर अंडी घालते हे मला काय माहीत!"

अताल्लाने कपाळाला हात लावला. यंत्रातली ऊब कमी झाली की त्यातलं बटण आपोआप चालू होत असणार, पुरेशी झाली की बंद. तेच हे थांबणं आणि सुरू होणं. "उद्या फक्त एक तास ते बंद ठेवा, एवढंच विचार," तो म्हणाला.

फिद्दा डोक्यावर रुमाल घेऊन भिंतीशी गेली. बराच वेळ कुजबुज झाली. परत आली ती हसू दाबत.

"अबू नायिफ म्हणतात, माझ्या घरून काही हवं असेल तर बायकांकरवी मागू नये. चारचौघं येतात तसं यावं. मोठी माणसं घेऊन."

म्हणजे जाहा. सल्तमध्ये मोठं काही मागायचं असेल, लग्नासाठी मुलगी किंवा भांडणाची माफी, तर गावातली वजनदार माणसं एकत्र जातात. यजमान कडू कॉफी देतो. प्रमुख पाहुणा पेला हातात घेतो, पण न पिता खाली ठेवतो आणि मागणं सांगतो. यजमान "कॉफी प्या" म्हणाला की दिलं. म्हणेपर्यंत कॉफीला कुणी ओठ लावत नाही.

"यंत्राचं बटण बंद करायला जाहा?" अताल्ला म्हणाला.

"झाड मोडलंत तेव्हा नेली असतीत, तर आज बटण फुकटात बंद झालं असतं."

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर सहा माणसं अबू नायिफच्या दारात उभी राहिली. थंडी हाडात शिरत होती. सगळ्यांनी मेंढीच्या कातड्याचं अस्तर लावलेले जाड, पायघोळ फरवे घातले होते. पुढे हाजी मुफलेह, त्यांच्यामागे चर्चचे फादर जिर्यिस, मग मुफद्दी, दोन म्हातारे काका आणि सगळ्यांत मागे अताल्ला. हाजी मुफलेहांचं वय नव्वदीला टेकलं होतं. त्या टेकडीवरचं एकही लग्न त्यांच्या तोंडून मागणी झाल्याशिवाय ठरलेलं नव्हतं. त्यांच्याशिवाय जाहा म्हणजे मिठाशिवाय भात.

बैठकीत सगळे गाद्यांवर बसले. पडद्यापलीकडे बायका होत्या. फिद्दा तर सकाळपासूनच मदतीच्या नावाखाली तिकडे जाऊन बसली होती. कॉफी आली. हाजींनी पेला घेतला, समोर ठेवला, खाकरले आणि सुरू झाले. आधी देवाचं नाव. मग अबू नायिफच्या वडिलांची उदारता. मग आजोबांची. पणजोबा येईपर्यंत अताल्लाने तीनदा घड्याळ पाहिलं. हाजींचे डोळे मिटले होते, आवाज सुरात लागला होता.

"...आणि म्हणून, अबू नायिफ," हाजींनी शेवटी हात पसरले, "आम्ही तुझ्या दारात आलो आहोत, आमचा मुलगा अताल्ला याच्या घरासाठी तुझी गुणी लेक रुबा हिला मागायला!"

खोलीत शेगडीतला निखारा फुटल्याचा आवाज आला.

अबू नायिफ हळूच म्हणाला, "अताल्लाच्या घरासाठी? त्याला तर चार मुलीच आहेत."

"हो का?" हाजींनी डोळे उघडले.

"मग कोणासाठी मागताय?"

पाची फरवे एकदम अताल्लाकडे वळले. तो दोन्ही हात जोरजोरात हलवू लागला. पडद्यापलीकडे तबक खाली पडलं आणि रुबा खिदळली. पाठोपाठ फिद्दाचा आवाज आला, "मागा, मागा! देतंय कोण तेही बघू!"

फादर जिर्यिस हाजींच्या कानाशी वाकले. "हाजी, मुलगी नाही. अंडी. अंड्यांचं यंत्र तासभर बंद करायचंय."

"अंडी?" हाजी दुखावले. "मला अंड्यांसाठी आणलंत? आधी सांगायचं नाही का!"

"काल दोनदा सांगितलं."

"मग लग्नाचं कोण म्हणालं?"

"तुम्हीच."

अबू नायिफ उठायच्या बेतात होता. तेवढ्यात अताल्ला गुडघ्यांवर पुढे सरकला. एवढ्या मोठ्या माणसांपुढे मागणारा कधी स्वतः बोलत नाही, पण त्याला आता दम निघेना.

"अबू नायिफ, माझा एक मित्र आहे. तीस वर्षं त्याचा आवाज ऐकतोय, तोंड पाहिलेलं नाही. परवा त्याचा आवाज कापून काढणार आहेत. आज शेवटचं बोलायचं आहे. तुझं यंत्र चालू असलं की मला त्याच्या जागी नुसता तवा ऐकू येतो. तासभर बंद कर. एवढंच. आणि ते झाड..." इथे त्याची नजर पुन्हा घड्याळावर गेली आणि झाडाचं राहूनच गेलं.

अबू नायिफने निखाऱ्यांकडे पाहिलं. चिमट्याने एक निखारा उलटला. मग म्हणाला, "कॉफी प्या. दिलं."

सगळ्यांनी गार झालेली कॉफी घटाघट प्यायली. मुफद्दीने "देव भलं करो" म्हणेपर्यंत पडदा बाजूला झाला आणि उम्म नायिफ कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"शब्द तुमचा," ती नवऱ्याला म्हणाली, "अंडी माझी."

"अगं, मी कॉफी पाजली ना आता!"

"अंडी कॉफी पीत नाहीत. आतून चोची मारायला लागलीत पिल्लं. एक तास या थंडीत ठेवली तर मरतील. महिनाभर मी देखभाल केली, ती काय यांच्या गप्पांसाठी?"

अताल्लाला तिचं म्हणणं पटलं, हीच मोठी अडचण होती. तो उठून जायला निघाला. तेवढ्यात फिद्दा पडद्याबाहेर आली. तिने रांगेतल्या सहा फरव्यांकडे पाहिलं आणि तिचे डोळे चमकले.

"उम्म नायिफ, मेंढीचं कातडं, आत गरम माणूस. यापेक्षा बरं यंत्र झर्कात तरी मिळतं का?"

पुढच्या काही मिनिटांत त्या बैठकीत जे झालं ते सल्तच्या कुठल्याही जाहामध्ये झालेलं नव्हतं. उम्म नायिफ टोपली घेऊन रांगेतून फिरली आणि एकेका प्रतिष्ठिताच्या फरव्यात अंडी ठेवत गेली. मुफद्दी भट्टीजवळ काम करणारा म्हणून त्याला जास्त मिळाली. फादर जिर्यिस अंगाने बारीक, त्यांना दोनच. हाजी मुफलेहांच्या पोटावर तिने पाच अंडी नीट रचली.

"हाजी, हलू नका. आणि बोलू नका. तुम्ही बोललात की पोट हलतं."

नव्वद वर्षांत पहिल्यांदाच हाजी मुफलेह भरल्या बैठकीत गप्प बसले.

अताल्लाच्या वाट्याला दोन अंडी आली. ती छातीशी धरून तो तरातरा घरी गेला, हेडफोन चढवला आणि ऐकू लागला. तवा थांबला होता. पण त्याच्या जागी एक गुंजन होतं, बारीक, अखंड, माशी बाटलीत अडकल्यासारखं.

त्याने खिडकी उघडून भिंतीपलीकडे हाक मारली. "अजून काहीतरी चालू आहे!"

"बंद केलंय सगळं!" अबू नायिफ ओरडला.

"नाही! काहीतरी चालू आहे!"

पलीकडे शोधाशोध झाली. मग उम्म नायिफचा आवाज, जरा उतरलेला. "उरलेली चार अंडी होती. ती मी कंबर शेकायच्या विजेच्या पट्टीवर ठेवलीत. आता कुणाचा फरवा रिकामा होता!"

"बाबांचा आहे की," रुबा म्हणाली.

"नाही," अबू नायिफ म्हणाला. "मी दिलं म्हणालो होतो. घेतो म्हणालो नव्हतो. दोन वर्षं त्या माणसाचा सलाम घेतला नाही, आता त्याच्यासाठी अंड्यांवर बसू?"

"बसू नका बाबा, फुटतील. नुसते उभे राहा." आणि तिने वडिलांचा फरवा उघडून चार अंडी आत ठेवलीही.

अताल्लाच्या कानातलं गुंजन थांबलं. बर्फ पडून गेल्यावर सकाळी दार उघडावं तशी शांतता पसरली, आणि त्या शांततेत, अगदी जवळून, कुणीतरी खोकलं.

"अताल्ला? आहेस का रे?"

"आहे. आहे, नुअमान. स्वच्छ येतोयस. शेजारी बसल्यासारखा."

"तवा उतरवलास वाटतं."

"उतरवला."

अताल्लाने हेडफोन काढून टेबलावरचा भोंगा लावला. आवाज घोगरा झाला होता, अधेमधे फाटत होता, पण नुअमानचाच होता. काय बोलायचं ते अताल्लाने आठवडाभर ठरवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. "आज काय जेवलास?" त्याने विचारलं.

"शार्कचं कालवण. मुलगी म्हणते गिळताना त्रास होईल. मी म्हटलं होऊ दे. तू?"

"पाव. दगडासारखा."

"फिद्दा चिडली असेल."

"ती काय चिडायची थांबते!"

दोघे हसले. मग नुअमानने चारही मुलींची नावं क्रमाने घेऊन त्यांची चौकशी केली आणि अताल्ला उत्तरं देत राहिला. मागे दार वाजलं. अबू नायिफ आत आला, पोटाशी दोन्ही हात धरून, गरोदर बाईसारखा जपून पावलं टाकत. तो हे सांगायला आला होता की यापुढे आणखी काही बंद होणार नाही. पण टेबलावरच्या भोंग्यातून तो फाटका आवाज ऐकून तो दाराशीच उभा राहिला.

"कोण आलं?" नुअमानने विचारलं.

"शेजारी. अबू नायिफ."

"डाळिंबवाला?"

अबू नायिफने मान वर केली.

"अबू नायिफ, ऐकतोयस ना? अरे, हा तुझा शेजारी दोन वर्षं दर शुक्रवारी माझं डोकं खातोय. म्हणतो, पहिल्या दिवशी बर्फ होता म्हणून गेलो नाही. दुसऱ्या दिवशी लाज वाटली. तिसऱ्या दिवशी उशीर झाल्याची लाज वाटली. दर शुक्रवारी मला सांगतो, आज नक्की जातो. मी थकलो. आता माझा आवाज जाणार, मग याला कोण ओरडणार? तूच बोलाव त्याला एकदा. ओव्हर."

दुसऱ्या माणसाला माईक देणं नियमात बसत नव्हतं, आणि अताल्लाने लष्करात नियम कधी मोडला नव्हता. त्याने माईक अबू नायिफच्या तोंडापुढे धरला.

अबू नायिफ अंडी सांभाळत यंत्रापुढे वाकला. मग जोरात म्हणाला, म्हातारी माणसं फोनवर ओरडतात तसा, "बुंध्याला नवा फुटवा आलाय! सांगा त्याला, भिंतीवरून बघितलं असतं तर दिसलं असतं!"

"मी ऐकतोय ना इथेच," अताल्ला म्हणाला.

"तुला नाही, त्यांना सांगतोय!"

तेवढ्यात त्याच्या फरव्यातून आवाज आला. चिवचिव. थांबली, पुन्हा चिवचिव, आधीपेक्षा मोठ्याने. अबू नायिफ हलायचा थांबला, श्वासही घेईना. त्याने फरव्याची कड हळूच उघडली. ओलं, वाकडंतिकडं, मिचमिच्या डोळ्यांचं एक पिल्लू कवचाची अर्धी टोपी डोक्यावर घेऊन बाहेर डोकावत होतं.

"अताल्ला," नुअमान म्हणाला, "तुझ्याकडे परत काहीतरी खरखर येतेय."

"खरखर नाही," अताल्ला म्हणाला आणि त्याने माईक फरव्याजवळ नेला. "टर्की आहे."

पलीकडे नुअमान इतका हसला की खोकल्याची उबळ आली, आणि उबळ संपल्यावर पुन्हा हसला. निरोप घेताना तो नेहमी म्हणायचा तेच म्हणाला, "पुढल्या शुक्रवारी." तोंडाने म्हटलेलं शेवटचं. मग सूर गाव बंद झालं. दोघे म्हातारे पिल्लाकडे पाहत तसेच उभे होते, तोच भिंतीपलीकडून उम्म नायिफची हाक आली, की हाजी मुफलेहांना लघवीला जायचंय आणि त्यांची अंडी आता कुणी धरायची.

शस्त्रक्रिया पार पडली. दोन शुक्रवार रिकामे गेले आणि तिसऱ्या शुक्रवारी टिकटिक आली, आधी लटपटत, मग सरळ. तेव्हापासून शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर अबू नायिफ स्वतः कोठारात जाऊन यंत्राचं बटण बंद करतो आणि आत अंडी नसली तरी करतो. मग भिंतीवरून "झालं रे!" म्हणून ओरडतो आणि कॉफीची किटली घेऊन अताल्लाकडे येऊन बसतो. त्याला टिकटिक कळत नाही, अताल्ला त्याला सांगत जातो.

पिल्लाचं नाव नुअमान ठेवलं. उन्हाळ्यापर्यंत ते चांगलं थोराड झालं, आणि एका शुक्रवारी पहिली टिकटिक सुरू होताच भिंतीवर चढून, गळा फुगवून गडगडाटी आवाजात उत्तर देऊ लागलं. टिकटिक थांबली की थांबायचं. सुरू झाली की पुन्हा सुरू. अताल्लाला एक अक्षर पुरतं ऐकू येईना. खिडकी लावून पाहिली, दाणे टाकून पाहिले. अबू नायिफने चप्पलही फेकली. शेवटी अताल्लाने घाम पुसत टिकटिकवलं : माफ कर. पुन्हा खरखर आहे. तुझ्याच नावाची. हिला बटण नाही.

मग हळूहळू, एकेक अक्षर सुटं करत उत्तर आलं. अताल्लाने ते कागदावर उतरवलं, वाचलं आणि अबू नायिफपुढे धरलं.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, असू दे. निदान तिथे तरी माझा आवाज निघतोय."